पाळण्याची दोरी आणि मजुरीचा दर

मागच्या पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात ‘असंघटित कामगार आणि आपली संघटना’ या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. व्याख्यानानंतरच्या चर्चेत एका तरुण, प्रामाणिक आणि कष्टाळू कार्यकर्त्याने भिवंडीतील आपला अनुभव सांगितला. यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत सभा घेतली की पुरुष येतात, स्त्रिया येत नाहीत. शिवणकामाच्या किंवा संगणकाच्या प्रशिक्षणाची योजना नेली, तरी चार दिवस येऊन पाचव्या दिवशी बंद होतात. त्याचा निष्कर्ष एका वाक्याचा होता : “सर, त्यांच्या धर्मातच ते बसत नाही, आधी ते बदलायला हवे.” खोलीत चाळीसएक माणसे होती. समाजवादी चळवळीत केस पांढरे केलेले ज्येष्ठ साथीही त्यांत होते. कोणी हरकत घेतली नाही. बऱ्याच माना होकारार्थी हलल्या. मीही, वेळ संपत आल्याचे निमित्त पुढे करून, गप्प बसलो. ते गप्प बसणे मनाला लागून राहिले, म्हणून हा लेख.

या निष्कर्षात सोय पुष्कळ आहे. एकदा दोष धर्माच्या माथी मारला की पाणी, पाळणाघर, दवाखाना, मजुरीचा दर, ठेकेदार आणि आपली स्वतःची संघटना या सर्वांची एका दमात निर्दोष मुक्तता होते. ज्यांना आपण प्रतिगामी म्हणतो त्यांचेही म्हणणे याहून निराळे नसते. फरक इतकाच, की ते ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतात तिची आपण कीव करतो. मुस्लिम स्त्री घरी बसते, हे गृहीतक मात्र दोघांचे एकच आहे. ती खरोखर ‘बसते’ का, एवढा साधा प्रश्न कोणी विचारत नाही.

आकड्यांपासून सुरुवात करतो. पेशाची सवय जात नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली सांगितले, की १५ ते ६४ या कमावत्या वयातील देशातील सुमारे ४४ टक्के स्त्रिया कामात असताना मुस्लिम स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. शहरांत ते १८ टक्क्यांपर्यंत खाली येते. आकडे जुने आहेत, पण त्यानंतरच्या श्रमबल पाहण्यांतही देशातील प्रमुख धर्मगटांत मुस्लिम स्त्रियांचा सहभाग तळाशीच राहिला आहे. हा आकडा आपल्याकडे सर्वांना पाठ असतो. त्याच अहवालातील दुसरा आकडा मात्र कोणी उद्धृत करताना मला आढळलेला नाही. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्वतःच्या घराच्या चार भिंतींतच काम करतात आणि एकूण प्रमाण ५१ टक्के आहे. म्हणजे प्रश्न ‘काम करतात की नाही’ इतकाच नाही. काम कोठे करतात आणि तेथेच का करतात, हा खरा प्रश्न आहे.

भिवंडीच्या किंवा मालेगावच्या कोणत्याही मोहल्ल्यात दुपारी जाऊन पाहावे. कोणी कांड्या भरीत असते, कोणी तयार कपड्यांचे सुटलेले धागे कापीत असते, कोणी साडीवर टिकल्या आणि खडे चिकटवीत असते. मांडीवर मूल असते, चुलीवर भात असतो, आतल्या खोलीत खोकणारा सासरा असतो. ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी माल उचलतो आणि नगावर पैसे देतो. जागा तिची, दिव्याचा खर्च तिचा, सुई-कात्री तिची, खराब झालेल्या मालाची कपातही तिची. गणतीदार दारात आला की घरातील कर्ता पुरुष सांगतो, “ती घरीच असते.” आपल्या श्रमबल पाहणीत ‘केवळ घरकाम करणारी’ हिच्यासाठी ९२ हा सांकेतिक क्रमांक आहे. घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणे, शिवणे, विणणे वगैरे करणारीसाठी ९३ आहे. या दोन्ही क्रमांकांच्या स्त्रिया श्रमबलाच्या बाहेर मोजल्या जातात. नगावर पैसे घेणारी बाई नियमाप्रमाणे कामगारच आहे. पण ‘ती घरीच असते’ या उत्तरावर पाहणी थांबली, की ती सहज ९२ मध्ये जाऊन पडते.

यात अर्थशास्त्राचे पाप मोठे आहे आणि ते मी माझ्या पदरात घेतो. पिगू या विख्यात अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक मासला दिला होता : एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले, तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने कमी होते, कारण काम तेच राहते, पगार मात्र थांबतो. ही गंमत मी वर्गात तीस वर्षे सांगितली. मुले हसत, मीही हसत असे. मुली हसत होत्या की नाही हे मी कधी पाहिले नाही.

आता हे काम मोजण्याची सोय झाली आहे. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती, पुढे २०१९ आणि २०२४ मध्ये देशव्यापी वेळवापर पाहणी झाली. २०२४ च्या पाहणीनुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांच्या संगोपनात आणि शुश्रूषेत गुंतलेल्या होत्या आणि त्यांची दिवसाची सुमारे १४० मिनिटे त्यात जात होती. पुरुष त्यात निम्मेच, २१.४ टक्के, आणि त्यांची मिनिटे ७४. हे सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या घरांचे सरासरी चित्र आहे. तेव्हा ‘त्यांच्यातच असे असते’ असे म्हणणाऱ्याने प्रथम आपल्या घरातले घड्याळ पाहावे.

मग प्रश्न उरतो : संगोपनाचे ओझे सर्वच स्त्रियांवर आहे, तर त्याने मुस्लिम स्त्रीच्या कामगार म्हणून असलेल्या आयुष्याचाच इतका चुराडा का व्हावा? माझे उत्तर असे, की ओझे तेच असले तरी ते वाहायची वाट निराळी आहे, आणि ती वाट धर्मग्रंथाने आखलेली नसून दंगल, घरभाडे, नगरपालिका आणि मालक यांनी आखली आहे.

मुंब्र्याचे उदाहरण घ्या. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील कितीतरी मुस्लिम कुटुंबे सुरक्षिततेसाठी तेथे येऊन राहिली आणि गाव फुगत गेले. पूर्वी जी बाई भायखळ्याला किंवा कुर्ल्याला कामाच्या ठिकाणापासून हाकेच्या अंतरावर राहत होती, ती दीड-दोन तास दूर फेकली गेली. मूल शाळेतून सुटण्याची वेळ, सासूच्या इंजेक्शनची वेळ आणि लोकलची वेळ यांचा मेळ बसेना. मूल ज्यांच्याकडे ठेवायचे ती मावशी, ती शेजारीण दुसऱ्या वस्तीत विखुरली. त्यापूर्वी १९८४ ची भिवंडीची दंगल झाली होती. दंगलीची झळ बसलेल्या वस्तीत वयात आलेली मुलगी घरात एकटी ठेवून आई कामाला जात नाही. याला कोणी पडदा म्हणत असेल तर म्हणो. मी त्याला भीती म्हणतो, आणि ही भीती घालणारे कोण, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

नागरी सुविधा न पोचणे हे या वस्त्यांचे दुसरे दुखणे आहे. मुस्लिम लोकसंख्या अधिक असलेल्या लहान खेड्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश खेड्यांत एकही शैक्षणिक संस्था नाही आणि अशा मोठ्या खेड्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत वैद्यकीय सोय नाही, असे सच्चर समितीने नोंदवले होते. आपण हे शिक्षणाचे व आरोग्याचे आकडे म्हणून वाचतो. मी म्हणतो, हे स्त्रियांच्या वेळेचे आकडे आहेत. शासन जी सेवा पुरवीत नाही ती नाहीशी होत नाही, ती कोणा एका बाईच्या दिवसातून वसूल होते. नळाला पाणी नसेल तर ती रांगेत उभी राहते. अंगणवाडी नसेल तर ती मूल कडेवर घेऊन कांड्या भरते. दवाखाना नसेल तर कोंदट मागाच्या शेडमध्ये कापसाची भुकटी ओढून छाती खराब झालेल्या नवऱ्याची ती परिचारिका होते. अंदाजपत्रकातील काटकसर अशी स्वयंपाकघरात उतरते, आणि अर्थमंत्री तिला वित्तीय शिस्त म्हणतात.

त्यात पुरुषांच्या कामाचे स्वरूप पाहा. माग बारा-बारा तासांच्या पाळीने चालतो. एका आठवड्यात दिवसपाळी, दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळी. रात्रपाळीचा माणूस दिवसा त्याच एका खोलीत झोपणार, म्हणून बाईने मुलांना बाहेर गप्प बसवायचे, आणि तो उठेल तेव्हा ताजी भाकरी टाकायची. ड्रायव्हर, फेरीवाला, आखातात गेलेला गवंडी यांच्या घरांची हीच गत. ‘पुरुषांनी घरकामात वाटा उचलावा’ असे मध्यमवर्गीय परिसंवादात म्हणणे सोपे आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु बारा तासांची पाळी कायम ठेवून ते म्हणणे हे त्या कामगाराची चेष्टा करण्यासारखे आहे. आठ तासांच्या दिवसाची मागणी ही त्याच्या बायकोचीही मागणी आहे, हे आपल्या कामगार संघटनांनी कधी नीट मांडलेच नाही.

आणि एवढ्या सगळ्यातून वाट काढून एखादी शिकली, बाहेर पडली, तर दारात मालक उभा असतो. थोरात आणि अ‍ॅट्टेवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत एक-तृतीयांश निघाली. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने हाच प्रयोग केवळ स्त्रियांच्या बाबतीत केला. हजार जागांसाठी एकाच पात्रतेचे दोन अर्ज, एक हिंदू नावाचा, एक मुस्लिम नावाचा. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून प्रतिसाद आला, मुस्लिम नावाला १०३.

हे दोन आकडे शेजारी ठेवून घरातल्या हिशेबाकडे पाहा, म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. बाईने बाहेर जायचे तर रिक्षा-लोकलचे भाडे, मूल सांभाळणाऱ्या बाईचे पैसे, आजाऱ्याजवळ बसणाऱ्या आयाचे पैसे हा खर्च आधी येतो. त्याहून अधिक मिळाले तरच नोकरी परवडते. बाहेरच्या जगाने नोकरी मिळण्याची शक्यताच निम्मी करून ठेवली आणि मिळालीच तर पगारही कमी ठेवला, म्हणजे ‘घरीच राहा’ असे म्हणणारा नवरा किंवा सासरा रूढीचा दास म्हणून बोलत नसतो, वही-पेन्सिल घेऊन बेरीज-वजाबाकी करणारा गृहस्थ म्हणून बोलत असतो. घरातील पुरुषसत्ता आणि बाहेरील धार्मिक भेदभाव परस्परांचे वैरी आहेत असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते एकमेकांचे हमीदार आहेत. आणि या हमीवर नफा कमावतो तो ठेकेदार. ही बाई दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्या कामगाराला एकच गिऱ्हाईक आहे त्याच्या श्रमाचा भाव गिऱ्हाईक ठरवतो. पाठ्यपुस्तकात याला मोठे नाव आहे, मोहल्ल्यात त्याला नशीब म्हणतात.

माझी एक विद्यार्थिनी होती. भिवंडीतील माग कामगाराची मुलगी, अर्थशास्त्रात उत्तम गुण मिळवून पदवीधर झाली. ठाण्यातील एका हिशेबनिसाच्या कार्यालयात चार वर्षे नोकरी केली. लग्न होऊन मुंब्र्यास गेली, तरी नोकरी सुटली नव्हती, आणि हे सासरच्यांच्या संमतीने चालू होते. मग सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी तिची भेट झाली तेव्हा मी नेहमीचे शिक्षकी वाक्य बोललो, की इतकी हुशार मुलगी, नोकरी सोडून घरी बसलीस. ती जरा थांबून म्हणाली, “सर, घरी बसले कुठे? अब्बांना दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्रीसुद्धा. आयाबाईंचा दर विचारला, तो माझ्या पगाराएवढाच होता.” संध्याकाळी ती शेजारच्या अकरा मुलांच्या शिकवण्या घेते. तिच्या नणंदेची नववीतील शाळा याच काळात बंद झाली, कारण सकाळी कोणीतरी दुसरे माणूस घरात हवे होते. एका आजारपणात एक नोकरी आणि एक शाळा गेली. बुरख्याचा यात काय संबंध होता, हे त्या अभ्यासवर्गातील साथीने मला सांगावे. ती नोकरीवर बुरख्यातच जात असे.

स्वतःला वगळून हे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझी आई शेवटची सहा वर्षे अंथरुणाला खिळलेली होती. त्या वर्षांत मी वर्ग घेतले, शिबिरे घेतली, या साप्ताहिकात लिहिले, दोनदा तुरुंगात जाऊन आलो. माझ्या पत्नीने शिक्षिकेची नोकरी सोडली. मी तिला ‘सोड’ असे म्हटले नव्हते. कोणी सोडावी याची चर्चाच आमच्या घरात झाली नाही, इतके ते गृहीत होते. आज मला निवृत्तिवेतन मिळते, तिला मिळत नाही. फरक एवढाच की माझा पगार कायम होता, वस्ती सुरक्षित होती आणि दवाखाना कोपऱ्यावर होता, म्हणून आमचे घर त्यातून तरले. हा फरक धर्माचा नव्हता आणि संस्कृतीचा तर नव्हताच.

अल्पसंख्याक म्हणजे एकच एक गठ्ठा नव्हे, हेही येथे नोंदवले पाहिजे. महाराष्ट्रात बौद्ध हेही धर्माने अल्पसंख्य आहेत, आणि त्या समाजातील पुष्कळ स्त्रिया दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून, दुसऱ्यांची मुले सांभाळून घर चालवतात. त्यांची स्वतःची मुले मोठ्या बहिणीच्या कडेवर वाढतात. ख्रिस्ती परिचारिकांनी परक्यांची शुश्रूषा करण्यात आयुष्ये घालवली. एकीला संगोपनाने घरात कोंडले, दुसरीला संगोपनानेच घराबाहेर ओढले. कामाचे मोल दोन्हीकडे कमीच. त्याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. येथे तो विषय वाढवीत नाही.

आता आपल्या चळवळीच्या हिशेबाकडे वळतो. मुस्लिम स्त्रियांच्या प्रश्नावर मराठी समाजवाद्यांनी जे केले ते थोर होते. हमीद दलवाई यांनी १९६६ च्या एप्रिलमध्ये सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्या सात स्त्रियांच्या धैर्यापुढे आजही नतमस्तक व्हावे. परंतु तेव्हापासून आपल्या मनात मुस्लिम स्त्रीचा प्रश्न म्हणजे तलाक, बहुपत्नीत्व आणि पोटगी असे समीकरण बसले, ते हललेच नाही. ती कामगार आहे, हे आपण जवळजवळ विसरलो.

शाहबानो खटला आठवा. १९८५ च्या त्या निकालावर आणि १९८६ च्या कायद्यावर आपण शेकडो सभा घेतल्या. १९३२ मध्ये लग्न होऊन आलेली ती स्त्री १९७५ मध्ये घराबाहेर काढली गेली. त्रेचाळीस वर्षांचा संसार, पाच मुले. उच्च न्यायालयाने तिला दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी मंजूर केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिकडच्यांनी शरियतचा प्रश्न केला, इकडच्यांनी समान नागरी कायद्याचा. त्रेचाळीस वर्षे तिने जे रांधले, वाढले, उस्तवारी केली ते श्रम होते काय, आणि श्रम असतील तर त्यांचे देणे कोणाकडे थकले आहे, हा प्रश्न आपण समाजवादी तरी विचारणार होतो ना? आपणही पोटगी हा शब्द दानासारखाच उच्चारीत राहिलो.

गृहिणीच्या श्रमाला मोल आहे हे आपली न्यायालये मान्य करतात, नाही असे नाही. अपघातात ती मेली तर करतात. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे असे स्पष्ट केले आणि त्यासाठी वेळवापर पाहणीचा आधार घेतला. निकाल स्वागतार्ह आहे. जिवंतपणी त्या मोलाचे काय, हे सांगणे न्यायालयाचे काम नव्हते. ते राजकारणाचे काम होते.

राजकारणाने उत्तर दिले ते २०२४ च्या ‘लाडकी बहीण’ योजनेने : २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातील स्त्रीला दरमहा १५०० रुपये. या पैशाची हेटाळणी मी करणार नाही. आपल्यातील काही जण ती करतात, पण ज्याला दीड हजार म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यानेच ती करावी. माझा आक्षेप दुसरा आहे. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांचे घरकाम २०२४ च्या पाहणीत दिवसाला सुमारे ३०५ मिनिटे भरले. महिन्याचे तास दीडशेच्या वर होतात. त्याने १५०० ला भागले तर ताशी दहा रुपयेही पडत नाहीत, आणि त्यात शुश्रूषेचा वेळ धरलेलाच नाही. पैसे आले, पण त्या ३०५ मिनिटांतील एकही मिनिट तिला परत मिळाले नाही. पैशाने मुंब्र्यात पाळणाघर उभे राहत नाही. बहिणीला ओवाळणी घालून तिच्या कामाचा दर ठरवण्याचा विषय बंद करण्याची ही जुनी घरगुती युक्ती आहे, ती आता शासनाने उचलली.

पाळणाघराचा आपल्याकडचा इतिहास बोधप्रद आहे आणि त्यात एक सापळा आहे. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा आला, पुढे कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन आले, आणि मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री कामगारांचे प्रमाण त्या दशकांत घटतच गेले. यंत्रीकरण व रात्रपाळीची बंदी ही त्याची मोठी कारणे होती. पण बाई ठेवली की खर्च वाढतो, हा हिशेबही मालकांनी केला. कारखाने अधिनियमात १९७६ मध्ये ३० हून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर असा दंडक आला, तेव्हा एकोणतीस स्त्रियांवर थांबणे कोणाला अवघड होते? १९८२ च्या संपानंतर कापडधंदा गिरण्यांतून भिवंडीच्या शेडमध्ये गेला. तेथे चार माग एकाच्या नावाने, चार मेहुण्याच्या नावाने. कायद्याची ओळ तेथवर पोचतच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांचा, स्त्री-पुरुष दोन्ही धरून, आकडा ठेवला. ही सुधारणा खरी, पण पन्नास माणसांची शेड भिवंडीत शोधायला दिवा घेऊन जावे लागेल. शिवाय सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेचा सगळा बोजा एकट्या मालकावर टाकून त्याच कायद्याने तरुण स्त्रीला नोकरी नाकारण्याचे नवे कारण निर्माण केले.

म्हणून मागणी मालकाच्या दारात नव्हे, वस्तीत करायला हवी. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले, आणि ते काम पुढे मुंबई-पुण्यातही आले. कर्नाटक शासनाने २०२३ पासून ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ नावाने पाळणाघरे काढली. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद २०२२ पासून आहे. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा येथे महापालिकेने मागाच्या पाळीला जुळणाऱ्या वेळांची पाळणाघरे चालवावीत. त्यांत त्याच मोहल्ल्यातील स्त्रियांना मानधनावर नव्हे तर किमान वेतनावर नेमावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी घरी येणारी पगारी परिचारिका हा सार्वजनिक आरोग्य सेवेचा भाग असावा. आणि खर्च सर्वसाधारण करातून व्हावा, म्हणजे स्त्री कामगार ठेवल्याचा दंड कोणालाच होणार नाही. याच्या जोडीला घरात बसून नगावर काम करणाऱ्यांसाठी नोंदणी आणि किमान दर. घरबसल्या कामगारांबाबतचा १७७ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ चा आहे. भारताने तो मान्य केलेला नाही, आणि आपल्या पक्षाने त्यासाठी एक ठरावही केल्याचे मला स्मरत नाही.

कोणी म्हणतील, पाळणाघर काढले तरी मौलवी पाठवू देतील काय? काही देणार नाहीत. ‘घर हेच स्त्रीचे राज्य’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांशी झगडावे लागेल, आणि त्यात मी कोणाच्याही मागे राहणार नाही. मात्र ज्या राज्यात नळ नाही, पाळणा नाही आणि रात्रीची झोप नाही, त्या राज्याची राणी होण्याचे सुख काय, हे तेथील स्त्रियाच त्यांना आपल्यापेक्षा बऱ्या शब्दांत सांगतील. त्या बोलायला मोकळ्या हव्यात, आणि मोकळेपणा म्हणजे प्रथम मोकळा वेळ.

१९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या हाकेसरशी हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आपण त्या लाटणे मोर्चाची आठवण अभिमानाने काढतो. मोर्चा संपल्यावर ते लाटणे परत कोणाच्या हाती गेले, हे आपण विचारले नाही. लोहियांच्या सप्तक्रांतीतील नर-नारी समता आपण भाषणात प्रथम घेतो, आणि शाखेची बैठक संध्याकाळी सात वाजता ठेवतो. सात वाजता भिवंडीतील बाई काय करीत असते, हे ठाऊक नसणाऱ्याने ‘त्या सभेला येत नाहीत’ अशी तक्रार करू नये.

त्या तरुण साथीशी नंतर माझे बोलणे झाले. तो रागावला नाही. उलट म्हणाला, मग सभा दुपारी दोनला, एखाद्या शाळेत घेऊ, पण मुले कोण सांभाळणार? प्रश्न योग्य होता. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती सभा आहे. शेजारच्या वर्गखोलीत मुलांची व्यवस्था असेल आणि ती पुरुष कार्यकर्त्यांनी पाळीने पाहायची आहे. दोन ते साडेतीन या पाळीसाठी मी माझे नाव दिले आहे. साडेतीन ते पाच रिकामी आहे. ज्येष्ठ साथींपैकी कोणी घेणार असेल तर कार्यालयात कळवावे.